हातात मिरची देऊ नये

"एक मिरची मिळंल का हो?"

धुरपदा परसात लसणाच्या वाफ्याला पाणी देत होती. तिनं वर पाहिलं. दौंडच्या रेल्वे क्वार्टरांमधल्या कंबरेएवढ्या भिंतीपलीकडे एक तरुण उभा होता. एका हातात भाकरी, दुसरा हात पुढे केलेला, आणि नाकावर कोळशाचा ठिपका. कालच शेजारी राहायला आलेला हा मच्छिंद्र. शिरूरचा, इंजिनात कोळसा घालणारा फायरमन.

तिनं दोन मिरच्या तोडल्या, पण त्याच्या हातात न देता भिंतीवर ठेवल्या.

"हात काळा हाय म्हून व्हय?"

"मिरची हातात देऊ न्हाई. भांडान व्हतं."

"आपलं कशाला व्हईल? अजून वळख बी न्हाई."

"मग आधी वळख तरी हुंद्या..."

बोलून गेली खरी, आणि मग अशी लाजली की वाफा फुटून पाणी मेथीत शिरलं तरी तिला कळलं नाही.

तेव्हापासून रोज भिंतीवर दोन मिरच्या दिसू लागल्या, कधी सोबत लसणाची कोवळी पात. त्याची ड्यूटी कधी सुटते हे धुरपदाला पाठ झालं. तिचा बाप गेणबा, स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा पॉइंटमन, सगळं बघायचा आणि विडी ओढत बसायचा.

एका रविवारी ती बाजारातून परतली आणि हातातली पिशवी टाकून परसात धावली. मिरचीच्या झाडांवर काळीकरडी राख, पानं होरपळलेली. तिच्या आईनं धरलेल्या बियांची झाडं होती ती. आई गेली, पण दरवर्षी परसात तिची मिरची यायची.

भिंतीपलीकडे मच्छिंद्र रिकामी पाटी घेऊन उभा होता. "तुमी किडीसाठी चुलीतली राख टाकता ना... म्हणलं, आमच्या इंजिनाची तर पाट्यांनी पडून हाय. आत निखारं जिते असत्याल, हे ध्येनात आलं न्हाई."

"माझी मिरची काय मनमाड पॅसिंजर हाय व्हय, कोळसा घालायला?" ती कडाडली, आणि पदर तोंडाशी धरून आत पळाली.

मिरची हातात दिली नव्हती, तरी भांडण झालंच.

धुरपदानं बोलणं टाकलं. तो मात्र रोज भिंत ओलांडून यायचा, करपलेले शेंडे खुडायचा, बुडाला पाणी घालायचा. ती दाराच्या फटीतून बघायची. त्याचा राग येत होता, आणि एखाद्या दिवशी तो दिसला नाही की त्याहून जास्त राग येत होता.

लसणाची पात पिवळी पडायला लागली तेव्हा एकदा जेवताना गेणबा म्हणाला, "मच्छिंद्र बदलीवर मनमाडच्या इंजिन-शेडला चाललाय. उद्या सायबाला व्हय म्हनून सांगनार. म्हंतो, हितं आपल्याशी कोन बोलतंय?"

तिनं हातातला घास ताटात परत ठेवला.

सकाळी तो पाणी घालायला आला, तर धुरपदा आधीच वाफ्यात बसलेली. खुडलेल्या झाडांना पोपटी फूट आली होती, आणि पानाआड एक बोटभर मिरची लटकत होती. तिनं ती तोडली.

"भिंतीवर ठिवा," तो खाली मान घालून म्हणाला. "जाताना घिऊन जाईन."

धुरपदानं त्याचा हात ओढला, मिरची तळव्यावर ठेवली आणि त्याची बोटं मिटली.

"अहो — भांडान व्हईल!"

"हुंद्या. रोज हुंद्या. पर मनमाडापत्तुर भांडायला माझा गळा पुरायचा न्हाई... तवा हितंच ऱ्हावा."

मच्छिंद्रनं मूठ उघडून पाहिली. मग त्यानं ती मिरची कचकन चावली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"लई तिखाट हाय?" तिनं हळूच विचारलं.

"ऱ्हातो," तो म्हणाला. "हितंच ऱ्हातो."

आतून गेणबाच्या खोकल्याचा आवाज आला. "धुरपे, त्याला म्हनावं, भांडायचंच आसंल तर शिरूरास्नं आईबापाला घिऊन ये. आन् भाकरी खाऊन जा म्हनावं, नुसती मिरची बाधंल!"