शिळांक नऊ

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता स्वयंपाकघरातला संगणकाचा पडदा उजळला आणि आईनं हातातली पावट्याची शेंग न सोलताच ताटात टाकली.

"आली बघ ओघवार्ता."

ऋजुतानं मान वर केली नाही. ओघवती पंप कंपनीचं हे ई-मेल वार्तापत्र दर शुक्रवारी याच वेळी यायचं. कुपवाडच्या कारखान्यातले कामगार, गावोगावचे विक्रेते, निवृत्त मंडळी, अशा चार हजार घरांत. एकतीस वर्षं ते तिच्या वडिलांनी, अच्युत पेंढारकरांनी, काढलं होतं. त्यांना जाऊन तेवीस दिवस झाले होते.

"पुन्हा यांच्यावर लिहिलंय," आई म्हणाली आणि मोठ्यानं वाचू लागली. "शेवटच्या दिवशी अच्युतकाकांनी लेकीचा हात धरला. म्हणाले, आईला सांग, पाणी वर चढलं. आता मोटर बंद केली तरी चालेल."

गच्चीवरची टाकी भरायची वेळ झाली की बाबा रोज आईला विचारायचे, पाणी चढलं का? त्या वाक्यात बाबा अगदी पुरेपूर होते.

"त्या दिवशी दवाखान्यात मी चहा आणायला खाली गेले होते," आई हळूच म्हणाली. "वर आल्याआल्या तुला विचारलं, काही म्हणाले का? तू नुसती नाही म्हणून मान हलवलीस."

"आई, ते काही बोललेच नाहीत. घशात नळी होती त्यांच्या."

"मला सांगितलं नाहीस. कंपनीला सांगितलंस."

"मी कुणालाही काही सांगितलेलं नाही!"

आई तेच वाक्य पुन्हा वाचत होती. पडद्याच्या वरच्या कडेला मोहरीएवढा हिरवा ठिपका लागला होता. आईनं डोळे पुसले तसा तो किंचित जास्त उजळला.

दुपारी ऋजुता कुपवाडला गेली. कंपनीच्या संपर्क विभागात बाबांच्या खुर्चीवर ते निवृत्त झाल्यापासून केतकी लोंढे बसायची. तिशीची, चटपटीत, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. तिनं लगेच उठून खुर्ची दिली.

"ताई, फोन केला असता तर मीच आले असते की. चहा सांगू?"

"ते वाक्य कुणी लिहिलं?"

"कुणी म्हणजे..." केतकीनं समोरच्या पडद्याकडे बोट केलं. "मी आता फक्त पाठवा म्हणते. अंक हा प्रोग्रॅम स्वतःच तयार करतो. कधी बदलायचा हेही तोच ठरवतो."

पडद्यावर एक रेघ होती, तापाच्या तक्त्यासारखी वरखाली जाणारी. केतकी समजावू लागली. वार्तापत्र जुनं झालं हे कंपनीला फार उशिरा कळायचं. लोक न उघडताच पुसून टाकायचे, तरी तेच रकाने, तीच छायाचित्रं चालू राहायची. म्हणून ही यंत्रणा आणली. वाचणाऱ्याचे डोळे कोणत्या ओळीवर थांबले, पापणी किती वेळा मिटली, मनगटावरच्या घड्याळानं नाडी किती मोजली, या सगळ्यांतून ती एक आकडा काढते. शून्य ते शंभर. त्याचं नाव शिळांक. साठच्या वर गेला की अंक शिळा झाला असं धरायचं. मग यंत्रणा मथळा बदलते, रंग बदलते, विषय बदलते, आणि आकडा खाली येईपर्यंत बदलतच राहते.

"जून महिन्यात एकाहत्तर होता," केतकी म्हणाली. "साहेब रोज माझं डोकं खायचे. नवीन चिन्ह करून पाहिलं, कोडी दिली, पाककृतीसुद्धा दिल्या. पंपाच्या कंपनीत पाककृती, विचार करा! काही फरक नाही. आणि मग..."

रेघ एका शुक्रवारी थेट तळाला गेली होती. तिथं आकडा होता नऊ. त्याखाली तारीख होती. बाबांच्या श्रद्धांजलीचा अंक.

"तेव्हापासून तो त्यांच्यावरच लिहितो," केतकी म्हणाली. "आकडा वर सरकला की काकांची नवीन आठवण काढतो."

तेराव्याच्या दिवशी उरलेली खीर बंद डब्यात विसरून चौथ्या दिवशी झाकण काढलं होतं, तो वास ऋजुताला आठवला. गोड आणि नासका.

"पण हेच वाक्य का?"

केतकीनं कचरत एक खिडकी उघडली. यंत्रणेनं आपल्या निर्णयाची टिपणं ठेवली होती. पहिल्या टिपणात ऋजुताच्या घरचा वाचक क्रमांक होता. मागच्या अंकातल्या 'शेवटच्या दिवशी' या शब्दांवर नजर चार मिनिटं स्थिर. डोळ्यांत पाणी. नाडी वाढलेली. सर्वांत एकाग्र वाचक. अपेक्षा: शेवटचे शब्द. पुरवावेत.

"पुरवावेत," ऋजुता म्हणाली. "माझ्या आईला."

"मी हे वाचलं नव्हतं ताई. शपथ. चार हजार घरांची टिपणं कोण वाचणार?"

"तुम्ही 'पाठवा' म्हणालात ना?"

केतकीनं मान खाली घातली. मग, जणू काही द्यायला हवं म्हणून, तिनं दुसरं टिपण दाखवलं. "हे मात्र मला कळलं नाही. याचा अर्थ काय?"

तिथं लिहिलं होतं: मूळ संपादकाची रीत. प्रत्येक अंकात एक गोष्ट जाणूनबुजून खोटी. या अंकातली खोटी गोष्ट: वरील वाक्य. दुरुस्तीसाठी आलेले फोन: शून्य.

ऋजुताला अर्थ लगेच कळला, आणि ती खुर्चीच्या पाठीला टेकली.

बाबांची ती युक्ती घरात सगळ्यांना ठाऊक होती. दर अंकात ते एक धडधडीत चूक पेरायचे. एकदा त्यांनी कृष्णा नदी अरबी समुद्राला मिळवली होती; बेचाळीस फोन आले. एकदा कॅन्टीनच्या शिऱ्यात वेलदोडा असतो असं छापलं, तर वाइंडिंग खात्यातून मोमीनमामांचा फोन आला, "कधी? कुठल्या शिऱ्यात?" शुक्रवारी दुपारी बाबा फोनशेजारी बसून राहायचे आणि उचलताच म्हणायचे, "सांगा, कुठं चुकलो?" पहिला फोन करणाऱ्याचं नाव पुढच्या अंकात दुरुस्तीसह यायचं, आणि बाबा त्याला स्वतः जाऊन चहा पाजायचे. सलग तीन शुक्रवार फोन आला नाही की ते घरी येऊन म्हणायचे, "शिळे झालो. आता बदलायला हवं." मग महिनाभर नव्या अंकाची जुळवाजुळव चालायची. एवढाच त्यांचा शिळांक.

यंत्रणेनं एकतीस वर्षांचे अंक वाचून ती रीत उचलली होती. फक्त खोटं कशाबद्दल बोलायचं नाही, हे त्या अंकांत कुठंच लिहिलेलं नव्हतं. बाबांना ते लिहायची गरज पडली नव्हती.

"काढून टाका ते," ऋजुता म्हणाली.

"पाठवलेलं परत घेता येत नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती येऊ शकते, पण त्यासाठी फोन यावा लागतो. तीच रीत त्यानं धरलीय." केतकी अडखळली. "आणि पुढचा अंक तयार आहे, ताई. काका आणि काकू पहिल्यांदा कुठं भेटले, त्यावर."

"कुठं भेटले?"

"ते... त्यानं ठरवलंय काहीतरी."

फाटकाशी मोमीनमामा भेटले. पाळी संपवून डबा घेऊन निघाले होते. ऋजुतानं विचारलं, "मामा, तुम्ही बाबांना दवाखान्यात बघायला आला होता. नळी पाहिली होती तुम्ही. मग आज फोन का नाही केला?"

मोमीनमामा डब्याची कडी उघडझाप करत राहिले. "पोरी, कळलं होतं मला. वाचल्याबरोबर कळलं. पण आमची ही ते वाचून रडली. म्हणाली, किती शांतपणे गेले बघा. मी म्हटलं, राहू दे. अच्युतरावांना राग आला असता का?"

"आला असता."

"हां," ते म्हणाले. "माझ्यावर आला असता. फोन केला नाही म्हणून."

ऋजुता घरी आली तेव्हा आई बाबांच्या आरामखुर्चीत बसली होती. मांडीवर पडद्याची छोटी पाटी, तिच्यावर तेच पान. चेहरा सकाळपेक्षा निवळलेला.

"सकाळी बोलले तुला," आई म्हणाली. "मनावर घेऊ नकोस. तुलाही सांगायला जड गेलं असेल. पण बरं वाटलं गं. माझी आठवण काढली त्यांनी."

हिरवा ठिपका शांतपणे तेवत होता. ऋजुताला तो उपटून काढावासा वाटला, गोचीड उपटतात तसा.

ती आतल्या खोलीत गेली. दार लोटलं. ओघवार्तेच्या तळाशी एकतीस वर्षं न बदललेला क्रमांक होता. फोन केला तर पुढच्या शुक्रवारी चार हजार घरांत छापून येईल, की अच्युत पेंढारकर जाताना काहीही बोलले नाहीत. त्यातलं एक घर हे असेल. नाही केला तर आई पुढच्या शुक्रवारी आपल्याच पहिल्या भेटीची एक परकी हकिगत वाचेल, आणि काही महिन्यांनी तीच खरी मानेल.

तिनं क्रमांक लावला. दोनदा घंटा वाजली.

"सांगा," बाबांचा आवाज म्हणाला, तोच, किंचित खाकरून, "कुठं चुकलो?"

हा बाबांचा आवाज नाही हे ऋजुताला पक्कं माहीत होतं. मनगटावरच्या घड्याळात तिची नाडी धडधडत होती आणि कुठंतरी मोजली जात होती, हेही माहीत होतं. तरी तिनं फोन ठेवला नाही. आवाज पुन्हा येईल म्हणून तिनं कान आणखी घट्ट लावला, आणि त्या क्षणी तिला यंत्रणेपेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली.

"सांगा ना," आवाज म्हणाला. "ऐकतोय मी."

मागं दार करकरलं. आई उंबऱ्यात उभी होती, एक हात चौकटीवर, नजर फोनवर. त्या दिवशी चहाचा थर्मास घेऊन वर आली होती तेव्हा तिचा चेहरा असाच होता.

"काही म्हणाले का?" आईनं विचारलं.