काजळ्या पांढरा कसा दिसला?

काळाकुट्ट कुत्रा पांढरा दिसू शकतो का?

लगेच ‘नाही’ म्हणू नका. बाणाईनंही तेच म्हटलं होतं, आणि त्यापायी ती आठवडाभर आपल्या बापाशी बोलली नव्हती.

ही गोष्ट अजून काही वर्षांनी येणाऱ्या एका हिवाळ्यातली आहे. तिच्यातला कुत्रा वाचत नाही, हे आधीच सांगून टाकतो. शेवटच्या पानावर तो शेपूट हलवत परत येईल, या आशेवर कुणी वाचू नये. तसं लिहिणं मला अवघड नव्हतं, पण या गोष्टीत थापा आधीच पुरेशा आहेत.

तर, सिंगाडीच्या माळावर धनगरांची पालं पडली होती. माळावरचं गवत सरकारनं राखल्यामुळे त्या काळी लांडगे परत आले होते. लांडग्याला मारायचं नाही असा कायदा होता आणि धनगरांची त्याला हरकत नव्हती. लांडगा आपला वाटा नेणारच, असं जुनी माणसं म्हणत. पण वाटा म्हणता म्हणता कोकरांवर कोकरं जाऊ लागली, तेव्हा सगळ्यांनी वर्गणी काढून दोन यंत्रं आणली. एक हाकाऱ्या. हा मेंढ्याएवढा, चार पायांचा यंत्रमानव. बटण दाबलं की भोंगा वाजवत, दिवे चमकवत तो जनावराच्या मागे धावायचा आणि त्याला माळाबाहेर हुसकायचा. चावायचा नाही, मारायचा नाही. दुसरं यंत्र म्हणजे रात्रदुर्बीण (एका डोळ्याला लावून अंधारात पाहायची दुर्बीण).

रात्रदुर्बीण निवडली बाणाईच्या चुलत्यानं, लकाप्पानं. ओढ्यापलीकडच्या वस्तीनं साठ पटीची आणली होती, म्हणून यानं ऐंशी पटीची आणली. संपला विचार! वर दिवसा टेहळणी करायला तिपाईवरची मोठी दुर्बीणही घेतली, तीही अशीच आकडा बघून. आठवडाभर लकाप्पा मिशीला पीळ देत हिंडत होता.

आणि मग ती रात्र आली. राखणीला बाणाईचा बाप सिदबा होता. त्याचा कुत्रा काजळ्या दोन दिवसांपूर्वी पलीकडच्या वस्तीवर भटकायला गेला होता, तो परतला नव्हता. दुर्बिणीत सिदबाला एक पांढुरकं जनावर मेंढरांकडे येताना दिसलं. त्यानं बटण दाबलं. हाकाऱ्या भोंगा वाजवत सुटला.

सकाळी काजळ्या माळाच्या कडेच्या कालव्यात मेलेला सापडला. कालव्याचे काठ सिमेंटचे, तिरपे आणि गुळगुळीत. जनावर आत पडलं की वर येत नाही. काजळ्याच्या पुढच्या पायांची नखं पार झिजली होती.

“म्या पांढरं जनावर बगितलं, बाय,” सिदबा पुन्हा पुन्हा सांगत राहिला. “काजळ्या न्हवता त्यो.”

कोण ऐकणार? काजळ्या तव्याच्या बुडासारखा काळा. अंगावर पांढरा केस औषधालासुद्धा नव्हता. लकाप्पानं पालापालांत सांगितलं, “सिदबानं घेतली आसंल त्या रातीला.” सिदबा दारूला शिवत नाही हे ठाऊक असणाऱ्यांनीही माना डोलावल्या. बाणाईला वाटलं, आबाला झोप लागली असणार, दचकून बटण दाबलं असणार आणि आता तो खोटं बोलतोय. तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं.

शेवटी सिदबालाही वाटू लागलं की आपले डोळे गेले. मंगळवारच्या बाजारात मेंढरं विकायची आणि आपण साखर कारखान्यावर राखणदार व्हायचं, असं त्यानं लकाप्पाला कबूल केलं. डोळे गेलेला राखणदार! पण हसण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. मेंढरं गेली की पाल जाणार, माळ जाणार, बाणाईला कळायला लागल्यापासूनचं सगळंच जाणार.

सोमवारी सकाळी बाणाईनं ती रात्रदुर्बीण बापाच्या काळ्या घोंगडीत गुंडाळली आणि तालुक्याची एसटी पकडली. दुकानदाराच्या पुढ्यात ती आपटायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दुकानदार जेवायला गेला होता. गल्ल्यापाशी यंत्रमानव उभा होता, भिंगोबा. पूर्वी तो एका प्रयोगशाळेत भिंगं तपासायचा. ती बंद पडली आणि हा भंगारात निघाला. दुकानदारानं तिथून त्याला उचलून आणलं.

“ही घे तुझी दुर्बीण!” बाणाई म्हणाली. “हिच्यापायी माझा कुत्रा मेला.”

भिंगोबानं दुर्बीण उचलून पाहिली. “कुत्र्याचा रंग कोणता होता?”

“काळा. आन् आबा म्हनतो पांढरं दिसलं. खोटारडा हाय त्यो.”

“अंधारखोलीत चल,” भिंगोबा म्हणाला. “ती घोंगडीही आण.”

दुकानाच्या मागे एक बिनखिडकीची खोली होती. दुर्बिणी तपासायलाच ती बांधली होती, पण गिऱ्हाइकं ट्यूबलाइटखाली दुर्बीण डोळ्याला लावायची, समोरच्या पाट्या वाचायची आणि पैसे देऊन जायची. खोलीत जाळी लोंबत होती. भिंगोबानं घोंगडी खुंटीला टांगली आणि दार लावलं. डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा अंधार.

“आता बघ.”

बाणाईनं दुर्बीण डोळ्याला लावली. समोर ताकासारखी पांढुरकी घोंगडी लटकत होती.

“ही आमची न्हाई,” ती पटकन म्हणाली.

“तुमचीच आहे. आता वेणी पुढे धर आणि बघ.”

वेणी एखाद्या म्हातारीची असावी तशी पिकलेली दिसली. बाणाईनं घाबरून केसांना हात लावला.

“घाबरू नकोस. तीन गोष्टी समजून घे,” भिंगोबा म्हणाला. “पहिली, उजेड नसेल तर कुठलाच डोळा पाहू शकत नाही. म्हणून रात्री पाहायला तीन उपाय असतात. चांदण्यांचा मिणमिणता उजेड गोळा करून वाढवायचा, ते यंत्र फार महाग. नाहीतर अंगातून निघणारी ऊब टिपायची, तेही महाग. तुमची दुर्बीण तिसऱ्या, स्वस्त जातीची. हिच्यात कॅमेरा आहे आणि हिची स्वतःची बॅटरी, म्हणजे टॉर्च, आहे. ती बॅटरी अवरक्त प्रकाश (तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) टाकते. तो वस्तूवर आपटून परत येतो आणि कॅमेऱ्याला दिसतो.”

“मग काळं ते काळंच दिसाय पायजे की.”

“काळं म्हणजे काय? जे आपला उजेड गिळतं आणि परत देत नाही, ते आपल्याला काळं दिसतं. केसांत आणि लोकरीत मेलॅनिन (केसांना काळेपणा देणारं द्रव्य) असतं. ते साधा उजेड गटकन गिळतं. अवरक्त प्रकाश मात्र त्याला तितकासा गिळता येत नाही. बराचसा परत येतो. मागे मोकळा अंधार, पुढे हा परत आलेला उजेड, त्यात यंत्र चित्र आणखी उजळ करतं. अशा वेळी काळा कुत्रा पांढुरका दिसतो. दुर्बीण रंग दाखवतच नाही, किती उजेड परत आला तेवढंच दाखवते.”

बाणाईला रडू फुटलं. आबा खरं बोलत होता. अख्खा आठवडा तो खरं बोलत होता.

“दुसरी गोष्ट,” भिंगोबा थांबला नाही. त्याला रडणाऱ्या मुलीपुढे थांबायला कुणी शिकवलं नव्हतं. “ऐंशी पट हा आकडा. यातली भिंगांची पट फक्त चार. उरलेलं काम कॅमेरा करतो, चित्राला वीसदा ताणून. भाकरी थापून मोठी केली म्हणून पीठ वाढतं का?”

“न्हाई. पातळ होती. फाटती.”

“तसंच चित्र फाटतं. कान, तोंड, शेपूट सगळं विरघळून नुसता ठिपका उरतो. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट. पट वाढली की दृश्यक्षेत्र (एका वेळी दिसणारी जागा) आक्रसतं. तुझ्या आबांना फक्त तो ठिपका दिसत होता. आजूबाजूची मेंढरं दिसत नव्हती. लांडगा आला तर मेंढरं काय करतात?”

“उठत्यात. एका जागी गोळा व्हत्यात.”

“आणि आपला कुत्रा आला तर?”

आपला कुत्रा आला तर मेंढरं बसल्या जागी रवंथ करत राहतात. चार पटीतून पाहिलं असतं, तर आबाला तेवढं दिसलं असतं.

“दिवसाच्या दुर्बिणीतून सांजंला काय दिसत न्हाई, ते बी यामुळंच?” तिनं नाक पुसत विचारलं.

“जवळपास. तिथे एक सोपा भागाकार आहे. पुढच्या भिंगाची रुंदी भागिले पट. तुमचं भिंग साठ मिलिमीटरचं. साठ पटीवर ठेवलंत, तर डोळ्यात येणारा उजेडाचा झोत एक मिलिमीटरचा. अंधारात तुझी बाहुली त्याच्या पाचसहापट मोठी होते, ती उपाशी राहते. वीस पटीवर आणलंत, तर झोत तीन मिलिमीटरचा होतो. म्हणून खिसा लहान असला की पट कमी, पुढचं भिंग मोठं आणि तिपाई भक्कम, असं घ्यावं. आणि रात्रदुर्बीण घेताना भिंगांची पट किती आणि नुसती ताणलेली किती, हे विचारावं. मग अंधारात, आपल्या ओळखीच्या वस्तूवर रोखून बघावं.” त्यानं दार उघडून फळीवरच्या एका बुटक्या दुर्बिणीकडे बोट दाखवलं. “ती तीन पटीची आहे, पण अर्धा माळ एकदम दिसतो. तुमच्या ऐंशी पटीच्या किमतीतच येते. तिला कुणी हात लावत नाही.”

“मग काकाला हे तवाच का न्हाई सांगितलं?”

“विचारलं तेवढंच सांगायचं, असा इथला नियम आहे. तुझ्या काकांनी एकच प्रश्न विचारला, किती पटीची?”

“आग लागो तुझ्या नियमाला!” बाणाई ओरडली.

“मलाही तसंच वाटतं,” भिंगोबा म्हणाला. “आज मालक जेवायला गेलाय म्हणून एवढं बोललो. दुर्बीण परत घेता येणार नाही, वापरलेला माल आहे. पण फेकू नकोस. चारवर ठेव, आणि आधी मेंढरं बघायला सांग.”

ती पालावर पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. सिदबा हाकाऱ्याशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. उद्या बाजार, म्हणजे राखणीची ही शेवटची रात्र. बाणाईनं घोंगडी समोरच्या काठीवर टाकली, अंधार दाटेपर्यंत थांबली आणि दुर्बीण त्याच्या हातात दिली.

“आबा, घोंगडीकडं बगा.”

आठवडाभरात तिनं त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द. सिदबानं पाहिलं. दुर्बीण खाली घेतली, हातानं घोंगडी चाचपली, पुन्हा पाहिलं. बाणाईनं उजेडाचं, केसांचं, भाकरीचं, जमेल तसं सगळं सांगितलं.

“म्हंजी म्या पांढरंच बगितलं हुतं,” तो म्हणाला.

“व्हय, आबा. तुमी खोटं न्हवता बोलत. डोळं बी गेल्यालं न्हाईत.”

आता तो सुटकेचा श्वास टाकेल असं तिला वाटलं. पण सिदबाचा चेहरा आणखीच पडला.

“त्या जनावराच्या मागं कायतरी हलत हुतं गं,” तो हळूच म्हणाला. “माज्या मनात आलं, लांडगं शेपूट हलवत कसं येतंय? मग म्हटलं, आपल्यापरीस ह्या ऐंशी पटीला जास्त कळतंय. आन् दाबलं बटण.”

बाणाईला वाटलं, आबा खोटारडा होता तेच बरं होतं. खोटारड्यावर रागावता तरी येतं. आता रागावायला उरला होता एक आकडा, आणि आकड्याला काही लाज नसते. ती बापाच्या दंडाला टेकून रडली, आणि तोही रडला.

बऱ्याच वेळानं सिदबानं डोळे पुसले. दुर्बिणीची कळ त्यानं स्वतःच चारवर आणली.

“तू बस हितंच. मला काय दिसतंय ते म्या सांगतो. तू इचारत जा.”

थोड्या वेळानं तो ताठ झाला. “पांढरं कायतरी येतंय.” त्याचं बोट सवयीनं बटणाकडे गेलं.

“मेंढरं काय करत्यात?”

“बसल्यात. रवंथ चाललंय.”

“मग दाबू नका. पाय किती?”

“दोन.” सिदबानं बोट मागं घेतलं. “लकाप्पा हाय. त्याचा काळा कोट बी पांढरा दिसतोय.”

लकाप्पा अंधारातून ठेचकाळत पुढं आला. “काय रं, दिसतंय का काय? सकाळी लौकर निघाय पायजे बाजाराला.”

“दिसतंय,” सिदबा म्हणाला. “मेंढरं विकायची न्हाईत.”