साक्षीचा चौकोन

आमच्या प्रयोगशाळेतली सगळ्यांत भरवशाची वस्तू म्हणजे माझी थुंकी. हसू नका. रोज सकाळी तपासणीच्या पट्ट्यांची नवी पेटी फोडली की पहिली पट्टी मी स्वतःवर वापरते. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, पट्टीवर टेकवायचा आणि चहा पिऊन यायचं.

पट्टीवर दोन चौकोन असतात. डावा रोगजंतूसाठी. त्या जंतूचं एन्झाइम रसायनाला लागलं की तो जांभळा होतो. उजवा साक्षीचा. कुणाच्याही तोंडात साधे, निरुपद्रवी जंतू गर्दी करून असतात. त्यांच्या एन्झाइमनं तो पिवळा होतो. डावा पांढरा आणि उजवा पिवळा म्हणजे माणूस बरा. उजवाही पांढरा राहिला तर बोळा नीट फिरवलेला नाही, नाहीतर पेटी खराब. तिसरं कारण नसतं.

ताई दवाखान्यातून सुटली ती थेट माझ्या घरी आली. तिच्या घशात हाच जंतू होता. मोठ्या माणसाला तो अंथरुणाला खिळवतो, तान्ह्या बाळाला मात्र सोडत नाही. म्हणून तिची चिमणी भाऊजींकडे आणि ती माझ्या मागच्या खोलीत. संध्याकाळी भाऊजी लेकीला घेऊन खिडकीबाहेर उभे राहायचे. चिमणी रडून रडून लाल व्हायची आणि ताई काचेला कपाळ टेकून बघत राहायची.

"कधी घेऊ गं तिला?"

"पट्टी म्हणेल तेव्हा."

"पट्टी काय तुझी सासू लागते? सगळं तिला विचारून?"

"सासूपेक्षा बरी. खोटं बोलत नाही."

ताईच्या पहिल्या पट्टीचा डावा चौकोन पांढरा राहिला आणि मला हायसं वाटलं. मग उजव्याकडे लक्ष गेलं. तोही पांढराच.

"तोंड नीट उघडत जा, लहान आहेस का?" मी ताईला रागावले. दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत बोळा फिरवला. पुन्हा पांढरा. त्याच पेटीतली पट्टी माझ्या थुंकीनं लिंबासारखी पिवळी झाली.

मी घाबरणाऱ्यातली नाही. कामाला लागले. तिची खोली आवरायला घेतली, तर कोपऱ्यात ओल्या टॉवेलचा बोळा पडलेला. किती दिवसांचा, देव जाणे. नाकाला लावला, कसलाच वास नाही. पलंगामागे पावाचा तुकडा सापडला. वाळून लाकूड झालेला, पण बुरशीचा ठिपका नाही. फुलदाणीतली फुलं कधीच मान टाकून बसली होती आणि त्यांच्या खालचं पाणी नळातून आत्ता भरल्यासारखं नितळ होतं. मी टापटिपीची बाई आहे, पण माझ्याही भांडी घासायच्या स्पंजाला वास येतो. त्या खोलीत मात्र वास म्हणून नव्हताच.

मग मी माझी पिवळी झालेली पट्टी घेतली आणि तिच्यावर ताईचा बोळा टेकवला.

हा रंग एकदा आला की जात नाही. त्यातली रसायनं मला तोंडपाठ आहेत.

पिवळा कडेनं फिकट होत गेला. मग मधूनही.

चौकोन पांढरा झाला.

"जांभळं आलं का गं?" ताई मागे येऊन उभी होती.

"नाही."

"मग?"

मग काय सांगणार? रोग नाही. जास्तच स्वच्छ आहे म्हणून आईला लेकरापासून तोडायचं, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? खिडकीबाहेर भाऊजी भुवया उंचावून वाट बघत होते. मी दार उघडलं.

"डावा पांढरा आहे," मी म्हणाले.

"म्हणजे बरी ना?"

"बरी."

ताईनं चिमणीला छातीशी धरलं. कपाळाचा, मुठींचा, ओठांचा मुका घेतला. इतके दिवस रडणारं लेकरू क्षणात गप्प झालं. मलाही रडू आवरलं नाही. आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू?

आठवड्यानं त्यांच्याकडे गेले. चिमणी गुबगुबीत, हसरी. तिचं खेळणं उचलायला वाकले तर पाळण्याखाली दुधाची बाटली दिसली, अर्धी भरलेली.

"अरे वा, सापडली!" भाऊजी म्हणाले. "तू आम्हाला दार उघडलंस ना, त्या दिवसापासून शोधतोय. नाक धरून उघड हो."

मी नाक धरून उघडली. मग हळूच नाक सोडलं.

ताज्या, गोडसर दुधाचा वास आला.

"काय झालं?" ताईनं हसून विचारलं आणि लेकीला माझ्या हातात दिलं. "धर तुझ्या भाचीला."

चिमणीनं आपली ओली मूठ अख्खी माझ्या तोंडात घातली. सगळे हसले. मीही हसले.

आज सकाळी नवी पेटी फोडली. खराब निघाली. दुसरी फोडली, तीही तशीच. तिसरीचीही तीच गत. कंपनीला फोन करून चांगलं खडसावलं, असला माल पुन्हा पाठवाल तर याद राखा म्हणून.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण बोळा घेऊन आली. "थांब, माझी थुंकी लावून बघू."

"काही गरज नाही," मी म्हणाले आणि पेटी माझ्याकडे ओढून घेतली.