खड्याची राखण

जुन्या रोमन वस्तीच्या जागी पाया खणताना दगडी मोरी लागली, आणि तिच्या गाळात वाटाण्याएवढा तांबडा खडा चमकला. मशीनवरच्या ड्रायव्हरनं हात वर करून काम थांबवलं. नोंदी करायला संग्रहालयातून आलेली मुलगी धावत आली. खड्यावर उधळलेला घोडा कोरलेला होता.

"रोमन काळातला! इथे बायकांचं न्हाणीघर होतं. वाफेनं डिंक सुटायचा आणि अंगठ्यांतले खडे वाहून जायचे."

"जिचा गेला, ती किती रडली असेल..." ड्रायव्हर म्हणाला.

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं ते तेव्हा.

तिनं खडा डबीत ठेवला, पण मेला तिथे राहील तर शपथ! दोन दिवस दुपारी जेवून येईपर्यंत डबी रिकामी, आणि खडा पुन्हा मोरीत. मोरी कोरडी ठणठणीत, पण डबीपासून तिथवर ओली पावलं... अनवाणी, एखाद्या बाईची असावीत तशी. मजुरांनी त्या बाजूला फिरकणंच सोडलं. तिची तर पाचावर धारण बसली. आज चार वाजता संग्रहालयाचे साहेब खडा न्यायला येणार होते. तो हरवला, तर नुकती लागलेली नोकरी गेलीच म्हणायची.

"मीही बसतो राखणीला," ड्रायव्हर म्हणाला.

शेडमधल्या टेबलावर उघडी डबी, समोरासमोर दोघं. नजर हलवायची नाही, असं ठरलं.

"बोललं तर चालेल ना?" त्यानं विचारलं.

"डबीकडे बघून बोला."

"तुमच्या केसांना माती लागलीय."

"तुम्हाला कशी दिसली?"

"सकाळीच दिसली होती."

"मग सांगायचं नाही?"

"छान दिसत होती—"

तिला हसू फुटलं. तेवढ्यात कुठंतरी पाणी ठिबकायला लागलं. शेडमध्ये दमट, कोंदट वाफ भरली. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"घाबरलात?" तिनं कुजबुजत विचारलं.

"खूप. पण उठणार नाही. खडा गेला की तुम्हीही जाल... आणि मला तुम्ही आवडता. फार आवडता."

जमिनीवर ओलं पाऊल वाजलं. मग दुसरं. खडा जपायचा की त्याच्याकडे बघायचं? जाऊ दे खड्ड्यात नोकरी! तिनं मान वर केली.

तो तिच्याकडेच बघत होता.

"कधीपासून?"

"बसल्यापासून."

"अहो, मग खडा कोण..."

डबी रिकामी होती. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिचे डोळे भरून आले. त्यानं हात पुढे केला, तिनं तो गच्च धरला, आणि दोघंही दचकले. तळव्यांच्या मध्ये काहीतरी टोचत होतं. ओलं, ऊन ऊन.

ओली पावलं आज मोरीकडे गेलीच नव्हती. ती टेबलाला वळसा घालून त्या दोघांपाशी येऊन थांबली होती. तिथून परत फिरलेलं एकही पाऊल नव्हतं.

"हात सोडू?" त्यानं विचारलं.

"खबरदार!"

दोघं तसेच बाहेर आले. सगळे मजूर टकमक बघत राहिले. साहेब गाडीतून उतरले.

"खडा कुणाकडे आहे?"

तिनं हात आणखी घट्ट धरला.

"आमच्याकडे," ती म्हणाली.