म्हस्कूच्या वळणाचा कठडा

मंजुरीचा कागद आणायला मी तालुक्याच्या कचेरीत गेलो, ती माझी सातवी खेप. सहा वेळा 'कल आना' ऐकून परतलो होतो. सातव्या वेळी कारकुनानं कागद खरंच काढून दिला, तेव्हा मला आधी ती थट्टाच वाटली. सहा महिन्यांपूर्वी मीच मोडक्यातोडक्या उर्दूत अर्ज लिहिला होता. शेतसाऱ्याबरोबर रस्त्या-विहिरींच्या लोकलफंडासाठी आमच्याकडून दर साल काहीबाही कापतात. तो पैसा कुठल्या गावी जातो, ते आम्ही कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा तो आमच्या गावाकडे वळला. कागद उपरण्यात बांधून मी घरी आलो आणि देवापुढे ठेवला.

मंजुरी कशाची, तर रस्त्याच्या कठड्याची. आमचं बोरगव्हाण राजूरपासून दोन कोसांवर. गावाखाली जालन्याचा रस्ता उतरणीला लागतो आणि मध्यावर एकदम डावीकडे वळतो. उजव्या अंगाला तीन पुरुष खोल ओढा, तळाशी नुसता खडक. त्या जागेला म्हस्कूचं वळण म्हणतात. म्हस्कू धनगराच्या घरातला. मेंढरं रोगानं गेल्यावर गाडी हाकायला लागला, आणि कापूस घेऊन जालन्याला निघाला असता तिथून गाडीबैलांसकट खाली गेला. त्याच्यामागून आणखी चार माणसं गेली, पण वळणाला नाव त्याचंच राहिलं.

वाटेवर असं कुणी गेलं की आमच्याकडे येणारा-जाणारा त्या जागी एक दगड ठेवतो. "म्हस्कूबाबा, संभाळ," म्हणायचं, दगड ठेवायचा आणि पुढं निघायचं. वीस वर्षांत वळणाच्या अलीकडे, रस्त्याच्या डाव्या अंगाला, छातीएवढा ढीग झाला होता.

सरकारनं चुना आणि मिस्त्री द्यायचा, दगड आणि अंगमेहनत गावाची, अशी बोली ठरली. कठडा किती लांब हवा, हे अर्जात लिहायचं होतं. आता माझे हात पाहा. गावात एवढे लांब हात कुणाचे नाहीत. लुगडं मोजायचं असलं की बायका मला बोलावत, दुकानदार मला पाहून तोंड वाकडं करत. मला त्याची मोठी ऐट होती. त्याच ऐटीत मी वळण माझ्या हातानं मोजलं आणि चाळीस हात लिहून मोकळा झालो. सरकारचा ओव्हरसियर आला तो लाकडी माप घेऊन. त्याच्या चाळीस हातांत कठडा संपला आणि वळण पाच हात उरलं. उरलं तेही ऐन कोपऱ्यावर, जिथून म्हस्कू गेला होता तिथंच.

मी ओव्हरसियरच्या मिनतवाऱ्या केल्या. तो म्हणाला, "काकासाहेब, कागदावर चालीस है. मैं क्या करू?" उरलेले पाच हात गावानंच भरावेत, तर दगडाची खाण लांब, त्यात ज्वारी काढणीला आलेली. कुणी हलायला तयार होईना. मिस्त्रीनं ढिगाकडे बोट दाखवलं. हे दगड नुसते रचले तरी पाच हात भरतील, म्हणाला. तेवढ्यात म्हस्कूची बायको साखराबाई काठी टेकत आली आणि ढिगापुढे उभी राहिली.

"येक दगड हलवायचा न्हाई," ती म्हणाली.

"साखराबाई, गावाच्या कामाला लागून राह्यलेत. तुमच्या मालकाचंच नाव व्हईल," मी म्हणालो.

"लोकान्नी त्येला देल्ते ते. त्येचे हायेत. त्येला इचारा अन् घ्या."

आता मेलेल्या माणसाला कसं विचारायचं? मी मनातून म्हातारीला शिव्या मोजल्या. खरं तर चूक माझ्या हातांची होती, पण राग काढायला म्हातारी बरी सापडली. शेवटी त्या फटीत आम्ही बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि सुगीनंतर बघू म्हणून आपापल्या घरी गेलो.

पौष लागला. माझी थोरली लेक द्वारका पहिल्या बाळंतपणाला परतूरहून आली होती. एके पहाटे तिच्या पोटात दुखू लागलं. झुंबरबाई सुईण दोन घटका आत होती. बाहेर आली ती हात पुसत, माझ्याकडे न पाहता.

"मूल आडवं हाय," ती म्हणाली. "माझ्या हातचं काम न्हाई हे. जालन्याच्या दवाखान्यात जल्दी न्या."

मी गाडी जुंपली. कडबा टाकून वर गोधड्या घातल्या. द्वारकेला निजवलं, तिची आई गोपिका तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दिवस उगवला होता म्हणायचा, पण धुकं असं की मला बैलांची शिंगंसुद्धा दिसेनात. सगळं पांढरं. चाकांचा आवाजही कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटत होता. द्वारका कण्हत होती. मग तीही थांबली, आणि ते जास्त वाईट होतं.

उतरणीच्या तोंडाशी मी खाली उतरलो आणि बैलांच्या पुढं होऊन चालू लागलो. हाताला ढीग लागला तसा मला पत्ता लागला की वळण आलं.

"दगड ठिवा," गोपिका आतून म्हणाली.

"येळ न्हाई."

"ठिवा म्हन्ते ना..."

मी ठेवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिथून दगड न ठेवता पुढं गेलो. आणि दहा पावलं गेलो नसेन, तोच पुढून आवाज आला. ठक. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा ठक. कुणीतरी दगडावर दगड बसवत होतं, घाई न करता, एकेक दगड फिरवून, त्याची बाजू पाहून. धुक्यात ओल्या घोंगडीचा वास आला. मेंढरांत वावरणाऱ्याच्या घोंगडीला येतो तो, कडवट.

"कोन हाय?" मी विचारलं.

ठक.

"आवो... कोन हाय तिथं?" गोपिकेनं आतून विचारलं.

तेवढ्यात खालून मोटार आली. कापसाची लॉरी असावी. दिवे नाहीत, नुसता घरघराट, आणि मग अगदी तोंडावर भोंगा वाजला. बैल बुजले. वेसण माझ्या हातातून निसटली आणि गाडी उजवीकडे वळली, त्या पाच हातांच्या फटीकडे. बाभळीच्या फांद्या चाकाखाली मोडल्याचं मला ऐकू आलं. एवढंच मनात आलं की माझ्या हातांनी माझी लेक मारली.

आणि चाक थडकलं. दगडावर थडकलं आणि थांबलं.

लॉरी घासून वर निघून गेली. बैल थरथरत होते, अजून खेचत होते. तेव्हा गाडीच्या पलीकडून, जिकडं ओढा होता तिकडून, हलका आवाज आला.

"हो... हो... हो रं राजा..."

बैल उभे राहिले. माझे बैल माझ्या आवाजाला कधी इतके चटकन उभे राहिले नव्हते. मी चाचपडत गेलो. चाकाला लागून दगडी बांध होता, छातीएवढा. चुना नव्हता, नुसते दगड, बर्फासारखे गार आणि ओले. मी पलीकडे हात लांबवला. माझा हात लांब आहे, सांगितलं ना. पलीकडे पाय ठेवायला टीचभर जागा नव्हती. नुसती पोकळी.

"गाडी हाका," गोपिका आतून कुजबुजली. "मागं बगू नका. हाका तुमी."

मी हाकली. ती थेट जालन्याच्या दवाखान्यापाशी थांबवली. दुपार कलता कलता द्वारका मोकळी झाली. मुलगी. डॉक्टरीणबाई म्हणाली, आणखी तासभर उशीर झाला असता तर दोघींपैकी एकही हाती लागली नसती. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून पोरासारखा रडलो. कुणाचे आभार मानायचे ते मला ठाऊक होतं, पण ते कुठं जाऊन मानायचे ते कळत नव्हतं.

आठ दिवसांनी परतलो तेव्हा ऊन लख्ख होतं. वळणाअलीकडचा ढीग नव्हता. एक दगड नव्हता, खाली पांढुरकी माती उघडी पडली होती. आणि फटीत पाच हातांचा बांध उभा होता, दगडात दगड असे बसवलेले की मध्ये सुरी जाऊ नये. गावातल्या कुणी तो रचला नव्हता. पुढं ओव्हरसियर मोजायला आला, त्यानं बांधाला लाथ मारून पाहिली. "बिलकुल पक्का काम," म्हणाला, आणि मिस्त्रीचं नाव विचारलं.

मी साडीचोळी घेऊन साखराबाईकडे गेलो. तिच्या पायावर डोकं ठेवलं. मनातून दिलेल्या शिव्यांचीही कबुली दिली.

"वीस वर्सं गाव त्येला देऊन राह्यलं," ती म्हणाली. "त्येनं तरी किती जवळ ठिवावं, काकासाहेब?"

तेव्हापासून त्या वळणावरून कुणी खाली गेलं नाही. लोक अजून जुन्या जागी दगड ठेवतात. सकाळपर्यंत जागा पुन्हा मोकळी होते. दगड कुठं जातात, ते आम्ही शोधलं नाही. उपकार करणाऱ्याचा पाठलाग करू नये, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. गेल्या साली साखराबाई वारली, तिच्या तेराव्यालाही सगळ्या गावानं वळणावर जाऊन दगड ठेवले. मी रोज सकाळी अंघोळ झाली की त्या दिशेला हात जोडतो. माझी नात आहे, माझी लेक आहे, हे घर हसतं-बोलतं आहे, ते म्हस्कूबाबामुळं. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आता तुम्ही आत आलात, तेव्हा माझ्या दारासमोर रस्त्याच्या कडेला दगडांचा बांध आहे, त्याला वळसा घालून आलात. तुम्हाला वाटलं असेल, म्हाताऱ्यानं कुंपण घातलंय. मी नाही घातलं. बारा दिवसांपूर्वी सकाळी दार उघडलं तर पाच दगड होते. दुसऱ्या दिवशी एक थर. मग रोज एकेक थर. बाहेर कडक ऊन असतं, तरी दगड ओले असतात. रस्ता तिथं सरळ आहे हो. दोन्ही बाजूंनी पाव कोस दिसतं. उतरण नाही, ओढा नाही, काही नाही. मग इथं तो काय अडवणार आहे, ते मला उमगेना.

काल द्वारका परतूरहून आली. नात सहा वर्षांची झालीय, दुर्गा तिचं नाव. उतरल्या उतरल्या ती बांधापाशी धावली आणि पाठ टेकून उभी राहिली. वरचा थर बरोबर तिच्या डोक्याच्या उंचीला आला. गोपिकेनं तिला उचलून आत आणलं, आणि तेव्हापासून मांडीवरून खाली सोडलेलं नाही. मीही दाराला आतून कडी घालून बसलोय, तुमच्यापुरती काढली तेवढीच.

आज सकाळी उठून पाहिलं, तर नवा थर नव्हता. जेवढा लागणार आहे, तेवढा झालाय.