फुगलेलं सागवान

दीपमाला धाडहून पहिल्या एसटीनं बुलढाण्याला आली, आईच्या घरी गेली आणि तिथून थेट पोलीस ठाण्यात फौजदार जयमाला यांच्यासमोर उभी राहिली.

"माय हरवली माही," ती म्हणाली. "आन् तिच्या खोलीतलं लाकूड फुगलं."

पहिल्या वाक्यासाठी ठाण्यात ठरलेली रीत होती. दुसऱ्यासाठी नव्हती, म्हणून जयमालांनी तिला बसवून सगळं ऐकून घेतलं.

दीपमालाच्या आईचं नाव शालूबाई. त्यांचा नवरा आरागिरणीत मिस्त्री होता. त्यानं हौसेनं मधल्या खोलीत सागवानी फळ्यांची जमीन बसवली आणि थोड्याच दिवसांत तो वारला. तेव्हापासून शालूबाईंनी ती लेकरासारखी जपली. रोज कोरडं फडकं, दिवाळीआधी जवसाच्या तेलाचा हात. ओलं पोतेरं त्या उंबऱ्याच्या आत कधी गेलं नाही. पाहुण्यानं पाण्याचा पेला खाली टेकवला तरी त्या तो उचलत, आणि गल्ली त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करी.

घरात त्यांच्यासोबत बहिणीचा मुलगा ज्ञानेश्वर आणि त्याची बायको बेबीताई राहत. मावशी देवदर्शनाला गेली, फोन घरीच विसरली, असं ज्ञानेश्वर आठवडाभर दीपमालाला फोनवर सांगत होता. शेवटी न राहवून दीपमाला घरी आली, तर पायाखाली फळ्या उंचसखल लागल्या.

हवालदाराला घेऊन जयमाला तिच्यासोबत घरी गेल्या. फळ्यांच्या कडा वर आल्या होत्या, तेलाची चकाकी जाऊन पांढुरके डाग पडले होते. भिंतीपासून भिंतीपर्यंत, पलंगाखालीसुद्धा. खोलीत नळ नाही, वर पक्का स्लॅब, त्यात उन्हाळ्याचे दिवस.

"पाणी कुठून आलं?" त्यांनी विचारलं.

"माठ फुटला," ज्ञानेश्वर म्हणाला. "बेबीच्या हातून."

बेबीताई खाली मान घालून उभी होती.

स्वयंपाकघरात नवा कोरा माठ होता. परसात खापऱ्या पडल्या होत्या, पण त्यांत माठाचं तोंड होतं तसं रांजणाचंही होतं. हातून एखादं भांडं फुटतं. घरातली पाण्याची सगळी मडकी एकदम फुटत नाहीत. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि इथं तर ते डोळ्यांना दिसत होतं.

शेजारच्या जमीलाबींना जयमालांनी एवढंच विचारलं, की गेल्या आठवड्यात या घरात काही वेगळं दिसलं का. त्यांनी सांगितलं: बेबीताईनं एका सकाळी डोक्यावरून अंघोळ केली होती, घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन वाळत घातलं होतं. "त्या दिवशी त्याइची चूल नाही पेटली," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, उपास असन दोघाइचा."

जयमाला परत आल्या आणि सगळ्यांना त्याच खोलीत बसवलं. आता जे बोलायचं ते दीपमालासमोर बोलावं लागणार, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

"रक्त पुसायचं असतं तर एक कोपरा पुसला असता," त्या म्हणाल्या. "माठ फुटला असता तर एका जागी भिजलं असतं. इथं सारी खोली पाणी ओतून धुऊन काढली. जुनी मडकी फोडली, अंथरूण धुतलं, डोक्यावरून पाणी घेतलं, चूल बंद ठेवली. आपल्याकडं हे कधी करतात, बेबीताई?"

उत्तर घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"घरातून मढं निघाल्यावर," जयमालाच म्हणाल्या. "शालूबाई देवाला गेल्याच नाहीत. त्या इथंच गेल्या."

मग बेबीताई एकेक करून सगळं सांगू लागली.

घर लेकीच्या नावे करायचं शालूबाईंनी ठरवलं होतं, आणि ते ज्ञानेश्वरला खपलं नाही. बाचाबाचीत त्यानं त्यांना ढकललं, दाराच्या चौकटीवर त्यांचं डोकं आपटलं. त्या रात्रभर पडून होत्या. पहाटे संपल्यावर त्यानं त्यांना पोत्यात घालून शेतात नेलं आणि पुरलं. तो नसताना बेबीताईनं घर धुतलं, कारण न धुतलेल्या घरात घास घ्यायचं धाडस तिला झालं नाही. खून तिनं पचवला, सुतक मात्र पचलं नाही. बादल्या ओतताना ती एकच गोष्ट विसरली, की हे घर धुता येण्यासारखं नव्हतं.

ज्ञानेश्वर बायकोकडं नुसता बघत राहिला. "येडी," तो पुटपुटला. "म्या तुले काहीच करू नको म्हटलं होतं." त्याच्या तोंडून निघालेली कबुली ती एवढीच. हवालदारानं त्याचा दंड धरला.

दीपमाला मात्र त्याच्याकडं बघतही नव्हती. ती बेबीताईसमोर जाऊन बसली.

"वहिनी, मायनं पाणी मांगलं होतं का?"



"मांगलं होतं. रातभर मांगे."

"मंग काऊन नाही देल्लं?"

"हे म्हणे," बेबीताई म्हणाली, "पाणी देल्लं त जगन."