वाटेवरचं वाटेवर

निकोलस सरांना रिट्रीटला नेणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं, असं त्यांची बायको इनेझ म्हणायची. सर देवाचे विरोधक नव्हते. रविवारची मिस्सा त्यांनी कधी चुकवली नाही. पण शनिवारची सुट्टी घालवून दिवसभर डोळे मिटून बसायचं, चिंतन करायचं, हे त्यांच्या गणिती डोक्यात शिरत नसे. "बसून बसून देव भेटत असता तर सरकारी कचेरीत कधीच भेटला असता," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

तरी तीन वर्षांपूर्वी उपवासकाळात इनेझनं त्यांना एकदा नेलंच. सांडोरला केळीच्या वाडीत एक जुनं कौलारू घर आहे, तिथं एक दिवसाची साधना असते. गेले ते गेले, आणि मग नियम मात्र सगळ्यांपेक्षा काटेकोर पाळायला लागले. नियम म्हणजे नियम. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ते बावखळाच्या काठावर उभे होते. बावखळ म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं लहानसं तळं. इनेझ हळूच मागून आली आणि तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली.

"सर, एक सांगायचंय तुम्हाला. घरी नाही सांगता येणार."

तीही त्यांना सरच म्हणायची. आधी चिडवायला म्हणायची, मग तेच तोंडात बसलं. सरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि झाडाला टांगलेल्या पाटीकडे हात केला. पाटीवर 'मौन' लिहिलं होतं. इनेझनं मान हलवली आणि ती निघून गेली. संध्याकाळी उमेळ्याला घरी पोचल्यावर त्यांनी विचारलं, तर म्हणाली, "राहू दे. गेली ती वेळ." त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात कोसळली. हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेव्हापासून सरांच्या मागे तो एकच प्रश्न लागला होता. काय सांगायचं होतं? त्यांनी तिच्या तपासण्यांची फाईल चाळली, कपाट चाळलं, तिच्या बहिणीला खोदून खोदून विचारलं. हाती काही लागलं नाही. आणि घरी का सांगता येणार नव्हतं? घरात दोघांखेरीज कोण होतं? या दुसऱ्या प्रश्नानं तर झोपच उडायची. तिचं वाक्य पुरं ऐकायला ते उरलेलं आयुष्य द्यायला तयार होते. तसं ते तिच्या थडग्यापाशी उभं राहून मोठ्यानं बोललेही होते.

या वर्षी नवे फादर मार्सेल स्वतः घरी आले. तरुण माणूस, बोलायला गोड. "सर, तुमचं नाव लिहितोय, नाही म्हणू नका," म्हणाले. सर नाही म्हणाले नाहीत. चिंतनाबिंतनाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांना फक्त एकदा त्या बावखळापाशी उभं राहायचं होतं.

शनिवारी सकाळी सांडोरला सगळं तसंच होतं. ओल्या मातीचा वास, पाटाचं पाणी सोडलेलं, वेलची केळीचे लोंगर पोत्यात बांधून ठेवलेले. सरांनी सवयीनं माणसं मोजली. त्यांना धरून सदतीस. सकाळी प्रार्थना झाली, मग क्षमेवर प्रवचन झालं. ऐकायला बरं होतं, पण सरांचं लक्ष खिडकीबाहेर, पाण्याकडे होतं. पाण्यावर शेवाळ आलं होतं आणि काठावर कुणीही नव्हतं.

जेवण मौनात होतं. उपवासकाळाची साधी पेज, पापड, कैरीचं लोणचं. सर बाकाच्या टोकाला बसले, शेजारची जागा रिकामी होती. स्वयंपाकीणबाई आग्नेस वाढत वाढत आली, सरांच्या वाडग्यात पेज ओतली आणि शेजारी दुसरा वाडगा ठेवून त्यातही ओतली. सरांनी हातानंच खूण केली, इथं कुणी नाही. आग्नेसबाय रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग तिनं सरांच्या खांद्यावरून मागे दाराकडे बघितलं, जणू कुणी नुकतंच उठून तिकडे गेलं असावं. शेवटी तिनं वाडगा उचलला आणि पुढे गेली. म्हातारपण, दुसरं काय, असं सर मनात म्हणाले. आग्नेसबाय त्यांच्याहून चार वर्षांनी लहान होती.

साडेतीनला फादरनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"आता आपण अम्माऊसची वाट चालायची आहे," ते म्हणाले. "गोष्ट तुम्हाला माहीत आहे. प्रभूला क्रुसावर दिल्यावर दोन शिष्य अम्माऊस गावाला निघाले होते. वाटेत तिसरा कुणी त्यांच्यासोबत चालू लागला. तो प्रभूच होता, पण त्यांनी त्याला ओळखलं नाही. तर आपण जोड्या करू. वाडीच्या टोकाच्या क्रुसापर्यंत जाताना एकानं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. क्रुसाला हात लावायचा आणि फिरायचं. परतताना दुसऱ्यानं बोलायचं. एकमेकांकडे बघायचं नाही, नजर वाटेवर. मध्ये प्रश्न नाही, उत्तर नाही. आणि वाटेवरचं वाटेवर ठेवायचं. पापनिवेदनातलं जसं बाहेर जात नाही, तसंच हेही."

सदतीस म्हणजे विषम. उरले ते सरच. "तुम्ही आणि मी, सर," फादर हसून म्हणाले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. एका आजाऱ्याच्या घरून होता. "तुम्ही चालायला लागा, मी गाठतोच तुम्हाला."

सर निघाले. पुढच्या जोड्या केळींच्या आड गेल्या होत्या. दहा-वीस पावलांवर मागून चालण्याचा आवाज आला आणि डाव्या बाजूनं फादर सोबत आले. सरांनी नजर वाटेवरच ठेवली. आता बोलायचं कुणी, म्हणून थोडा वेळ थांबून बघितलं. शेजारून शब्द आला नाही, तेव्हा त्यांनीच सुरुवात केली.

इतकं बोलता येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. बावखळ, बाही, पाटी, सगळं बाहेर आलं. "फादर, मी तिला गप्प केलं. वर्गातल्या पोरांना करायचो तसं. ते बोट उचलायला मला विचारसुद्धा करावा लागला नाही, इतकी हाताला सवय."  लग्नाच्या सत्तावीस वर्षांत आपण तिचं बोलणं कितीदा अर्ध्यावर तोडलं, हेही त्यांनी सांगितलं. चुकीची बेरीज दुरुस्त करावी तसं ते तिची वाक्यं दुरुस्त करत असत. हे त्यांनी आजवर स्वतःपाशीही कबूल केलं नव्हतं.

शेजारची पावलं त्यांच्या चालीनं चालत होती. फादर बूट घालतात आणि ही तर चपलेची फटफट, हे सरांच्या कानांना आधी कळलं. मनानं त्याकडे दुर्लक्ष केलं. जेवणानंतर बदलली असतील पादत्राणं.

मग वाटेवरचा एक खडा घरंगळत बाजूला गेला. पुढे आणखी एक गेला. कुणीतरी चपलेच्या टोकानं खडे वाटेबाहेर सारत होतं, मागून येणाऱ्याला ठेच लागू नये म्हणून.

सरांचं बोलणं बंद पडलं.

इनेझ असं करायची. उमेळ्यापासून चर्चपर्यंत दर रविवारी. "नगरपालिकेत लावू का तुला कामाला," असं ते म्हणत. ती म्हणायची, "कुणीतरी म्हातारं पडेल हो."

क्रूस आला. पांढरा चुना, पायाशी वाळलेली झेंडूची माळ. बाजूला कुणी बाई हुंदके देत होती, तिची जोडीदार तिच्याजवळ उभी होती. सरांनी हात लावला. ऊन असूनही दगड गार होता. ते फिरले, नजर जमिनीवरच. आता परतीची वाट. आता दुसऱ्यानं बोलायचं होतं.

उजवीकडे, अगदी कानाशी, कुणीतरी बोलण्याआधी घेतात तसा श्वास घेतला.

"सर..."

या जगात त्यांना सगळेच सर म्हणत. फादर म्हणत, पोस्टमन म्हणे, इमारतीचा वॉचमन म्हणे. पण शेवटचं अक्षर असं लांबवून, हसू आत दाबून, एकच माणूस म्हणायचं.

तीन वर्षं ज्यासाठी तळमळले ते हातभर अंतरावर होतं. फक्त गप्प राहायचं होतं. शंभर-दीडशे पावलं, बस.

आणि निकोलस सर घाबरले.

घाबरलेला माणूस काय करतो? लहानपणी आईनं शिकवलेलं करतो. अंधारात जायचं असलं की मोठ्यानं 'नमो मरिया' म्हण, भ्यायचं नाही. सरांच्या तोंडून प्रार्थना सुरू झाली. पहिली पुटपुटत, दुसरी मोठ्यानं, तिसरी त्याहून मोठ्यानं. खिशातली जपमाळ हातात आली. मणी सरकत होते, पाय भराभर पडत होते. प्रार्थनेच्या खालून एक आवाज चालू होता. हळू, समजावणीचा, घाईत नसलेला. सरांना तो ऐकू येत होता आणि त्यातला एकही शब्द कळत नव्हता, कारण प्रत्येक शब्दावर ते आपला शब्द ठेवत होते.

अर्ध्या वाटेवर तो आवाज थांबला. चपलेची फटफटही थांबली.

सर थांबले नाहीत.

अंगणात पोचले तेव्हा फादर मार्सेल व्हरांड्याच्या पायऱ्या उतरत होते. पायात काळे बूट. "सॉरी हं सर, फोन लांबला. तुम्हाला एकट्यालाच जावं लागलं."

सरांनी मान हलवली. ते बाकावर बसले. हातातल्या जपमाळेकडे बघवेना, म्हणून ती त्यांनी खिशात कोंबली. मागे पाटीचं निमित्त होतं, या वेळी प्रार्थनेचं. दोन्ही वेळा देवाला मध्ये उभं करून त्यांनी तिला गप्प केलं होतं. स्वतःबद्दल इतकी घृणा त्यांना आजवर कधी वाटली नव्हती.

चहाच्या वेळी एक बाई शेजारी येऊन बसली. ॲंजेला तिचं नाव. पस्तिशीची, विरारला टॉवरमध्ये राहणारी, या भागात नवी. सकाळी ओळख करून देताना बँकेत असते म्हणाली होती.

"सर, तुमच्या जोडीदार कुठं गेल्या? दिसत नाहीत."

"कोण जोडीदार?"

"तुमच्याबरोबर होत्या ना त्या बाई. तुम्ही प्रेयर म्हणत फास्ट निघून गेलात, त्या मध्येच उभ्या राहिल्या. माझी पार्टनर ज्युली क्रुसापाशीच थांबली होती, तिला रडू आवरेना. मी एकटीच येत होते. म्हटलं, आँटी, चला माझ्याबरोबर. मग त्या माझ्याशी बोलत आल्या."

सरांनी कप खाली ठेवला. "कशा होत्या दिसायला?"

"बघितलं कुठं? खाली बघून चालायचं ना. पाय बघितले फक्त. सारखे खडे बाजूला करत होत्या."

"काय बोलल्या?"

ॲंजेला हसली. "वाटेवरचं वाटेवर, सर."

"मला सांग. मी पाया पडतो तुझ्या."

तिचं हसू मावळलं. एवढ्या वयाचा माणूस असं बोलतो यानं तिला अवघडल्यासारखं झालं. "नाही हो सर, खरंच नाही सांगता येणार. त्यांनी वचन घेतलंय माझ्याकडून. मनात फार दिवस होतं म्हणाल्या. आता कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलं, मोकळं वाटलं म्हणाल्या." तिनं आवाज खाली आणला. "त्यांच्या मिस्टरांबद्दल होतं. बरं झालं त्यांना कधी सांगितलं नाही ते. कुठल्याच माणसाला झेपलं नसतं."

सरांना म्हणायचं होतं, तो माणूस मीच. पण तिनं ज्या सहजपणानं त्यांच्याकडे पाहिलं, साखर हवी का विचारलं, तो ओळख पटल्यावर पुन्हा दिसला नसता. ते गप्प राहिले. या वेळी गप्प राहणं त्यांना जमलं.

पाचला मिस्सा झाली. माणसं एकमेकांना भेटून निघू लागली. सर फाटकाशी रेंगाळले. बावखळाकडे एकदा जाऊन आले, तिथं शेवाळ होतं आणि पाणी. परत आले तेव्हा ॲंजेला स्कूटर बाहेर काढत होती. "येते हं सर," म्हणाली आणि निघाली.

एकटीच होती, पण सीटच्या अगदी पुढच्या टोकाला सरकून बसली होती. सांडोरच्या त्या अरुंद रस्त्यावर कुणी मागून येत नव्हतं, पुढे काही नव्हतं, तरी ती सावकाश चालवत होती. तिनं मान किंचित मागे कलती केली होती. वळणापाशी तिनं ती दोनदा हलवली, हो म्हणताना हलवतात तशी, आणि काहीतरी ऐकून मोठ्यानं हसली.